रोखे जळाले, खाते उरले

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्याच्या भीमथडी तालुक्यातील सुपे गावी बाजारचा दिवस होता. आसपासच्या खेड्यांतून आलेल्या शेतकऱ्यांनी गुजर आणि मारवाडी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. धान्य लुटले गेले, आगही लागली. पण जमावाची मुख्य मागणी एकच होती, कर्जाचे रोखे आणि वह्या बाहेर काढा. जे कागद हाती लागले ते तिथेच जाळण्यात आले. पुढच्या काही आठवड्यांत हे लोण पुणे आणि अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत पोहोचले. सावकाराने रोखे मुकाट्याने हवाली केले, तर जमाव बहुतेक ठिकाणी तेवढ्यावर परत फिरत असे. जिवावर बेतण्याचे प्रसंग थोडेच आले.

शाळेच्या इतिहासात 'दख्खनचे दंगे' म्हणून ही घटना परिच्छेदाएवढ्या जागेत बसते. अडाणी शेतकरी, लबाड सावकार, चक्रवाढ व्याज, उद्रेक, आणि शेवटी १८७९ चा कायदा असा तिचा क्रम असतो. घटना संपते, धडा संपतो. महाराष्ट्रात शेतकऱ्याच्या कर्जाचा प्रश्न मात्र संपलेला नाही, आणि त्यावर आज जो वाद होतो त्याची पात्रेही जवळजवळ तीच आहेत. एका बाजूला लग्नकार्यात पैसा उधळणारा आणि कर्जमाफीची वाट पाहणारा शेतकरी, तर दुसऱ्या बाजूला त्याला नाडणारा सावकार किंवा बँक. म्हणून १८७५ कडे पुन्हा जाण्याचे कारण आहे. 'तेव्हाही असेच होते' असा दाखला आर्थिक इतिहास सहज देतो, पण तो त्याचा कमी महत्त्वाचा उपयोग. आज आपण जो प्रश्न विचारतो तो कोणी, कोणत्या गरजेतून तयार केला हे त्यातून कळते, हा त्याहून मोठा उपयोग. कर्जाबाबतचा आपला प्रश्न बऱ्याच अंशी १८७६ साली एका सरकारी आयोगाच्या मेजावर तयार झाला, आणि तो तयार करताना काही गोष्टी मेजावरून बाजूला सारल्या गेल्या, असे या लेखाचे म्हणणे आहे.

रोखा कसा घडला

जमावाने घरे आणि माणसे सोडून कागदावर राग काढला, याचा अर्थ समजून घ्यायचा तर त्याआधीच्या चाळीस-पन्नास वर्षांत या कागदाला एवढे बळ कुठून आले हे पाहावे लागते. सावकार पेशवाईतही होताच. पण साऱ्याची बोलणी गावाच्या वतीने पाटील करी. सावकाराला वसुलीसाठी गावाची मर्जी सांभाळावी लागे आणि कुणब्याची जमीन उचलून सावकाराच्या नावे करून देणारी यंत्रणा दुबळी होती. इंग्रजांच्या रयतवारीने हे चित्र बदलले. १८३० च्या सुमारास पुणे जिल्ह्यात प्रिंगल या अधिकाऱ्याने रिकार्डोच्या खंडसिद्धांतावर बेतलेली आकारणी आणली. निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा हे तिचे सूत्र होते. कागदावर नेटके असलेले हे गणित शेतात कोसळले, गावे ओस पडू लागली. मग १८३६ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी सौम्य दराची, तीस वर्षांच्या मुदतीची जमाबंदी सुरू केली आणि तीच पुढे मुंबई इलाख्याची पद्धत ठरली.

या पद्धतीतला मध्यवर्ती माणूस म्हणजे खातेदार. सारा त्याच्या एकट्याच्या नावावर, रोख रकमेत आणि ठरल्या हप्त्याला भरायचा. पाऊस पडो न पडो, सुगीचा भाव उतरो वा चढो, हप्ता हलत नव्हता. त्याच्या बदल्यात जमीन त्याच्या नावे झाली. ती विकता येऊ लागली, म्हणजेच ती तारणही झाली. तारण घेणाऱ्याच्या मागे आता दिवाणी कोर्ट उभे राहिले. पाटलाची मर्जी सांभाळण्याची गरज सावकाराला उरली नाही. रोखा आणि हुकूमनामा पुरेसा होता.

यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने भर घातली. कर्जाच्या रोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा करावा लागेल, अशी त्यात तरतूद होती. व्याज साठत जाऊ नये, हा हेतू. प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घेऊ लागला, आणि थकलेले व्याज त्यात मुद्दल म्हणून चढू लागले. कुळाला वाचता येत नसे, अंगठा उठवण्याखेरीज त्याच्या हाती काही नसे. कर्जदाराच्या रक्षणासाठी केलेल्या नियमाने कर्ज वाढवणारे यंत्रच चालू करून दिले.

नेमक्या याच काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. १८६१ नंतर तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. १८६२ साली इंग्लंडच्या कापूस आयातीचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग हिंदुस्थानातून जात होता. मुंबईच्या पेढ्यांतून निघालेला पैसा शहरातल्या सावकाराकडून खेड्यातल्या सावकाराकडे आणि तिथून कुणब्याकडे वाहू लागला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव उतरले आणि वर जाणारा पैशाचा ओघ तेवढ्याच वेगाने परत फिरला. मुंबईने हात आखडला, म्हणून तालुक्याच्या सावकाराने आखडला, म्हणून गावच्या सावकाराने जुनी बाकी मागायला सुरुवात केली. इंदापूरची तीस वर्षांची मुदत याच सुमारास संपली आणि तेजीच्या वर्षांतले भाव डोळ्यांपुढे ठेवून नवे दर बसवले गेले. काही भागांत सारा पन्नास ते शंभर टक्क्यांनी वाढला.

हे सगळे धागे त्या रोख्यात एकत्र आले होते. त्यावर नाव गावच्या सावकाराचे असले, तरी त्यात साऱ्याचा हप्ता होता, कोर्टाचा नियम होता, आणि मिसिसिपीच्या खोऱ्यातल्या युद्धाची चढउतारही होती. सुप्याच्या बाजारात जे जळले ते या सगळ्याचे हाताशी सापडलेले शेवटचे टोक होते.

आयोगाने काय पाहिले

१८५७ ची आठवण ताजी असल्याने हिंदुस्थान सरकारने मुंबई सरकारला चौकशी करायला लावली. दख्खन दंगा आयोगाचा अहवाल १८७६ मध्ये तयार झाला आणि १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवण्यात आला. एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनावरचा इतका दाट दस्तऐवज दुसरा क्वचितच सापडेल. साक्षी, गावनिहाय आकडे, रोख्यांचे नमुने, सगळे त्यात आहे. त्यावर टीका करताना त्याचे ऋण मान्य करावे लागते, कारण त्याच्या विरोधातला पुरावाही बहुतेक त्याच्याच परिशिष्टांत मिळतो.

आयोगाने तपासलेल्या गावांत सुमारे एकतृतीयांश खातेदार कर्जात रुतलेले आढळले. त्यांचे सरासरी कर्ज त्यांच्या वार्षिक साऱ्याच्या अठरा पटींच्या आसपास होते आणि त्यातले जवळजवळ दोनतृतीयांश जमिनीच्या गहाणावर उभे होते. लग्न आणि सणावारांवरचा खर्च हे कर्जाचे कारण म्हणून जरुरीपेक्षा पुढे केले जाते, असेही आयोगाने आकडे पाहून नोंदवले. हा निष्कर्ष येऊन दीडशे वर्षे होत आली, तरी कर्जमाफीच्या चर्चेत लग्नातल्या बँडबाजाचा विषय पहिल्या पाच मिनिटांत निघतो. ज्या समजुतीला वसाहती सरकारच्या आयोगानेही आधार दिला नाही, ती आपण स्वातंत्र्योत्तर काळात निष्ठेने सांभाळली आहे.

पण साऱ्याचा प्रश्न आला की आयोगाचा सूर बदलतो. दंग्यांचे प्रमुख कारण म्हणून सावकारी, तिला बळ देणारा दिवाणी कायदा आणि कुळाचे अज्ञान यांकडे बोट दाखवले जाते. वाढलेला सारा हे कारण मागे सारले जाते. यात एक अडचण होती. दंग्यांच्या सात महिने आधी, ऑक्टोबर १८७४ मध्ये, मुंबई सरकारनेच फेरआकारणीवर मर्यादा घातली होती. तालुक्याच्या पातळीवर ३३ टक्के, एका गावासाठी ६६ टक्के आणि एका खात्यासाठी १०० टक्के यांपेक्षा अधिक वाढ नको, असा तो आदेश होता. वाढ सुसह्य असती तर अशा आदेशाची गरज पडली नसती. आयोगाचेच एक सदस्य ऑकलंड कॉल्विन यांनी स्वतंत्र टिपण लिहून नव्या आकारणीवर टीका केली. ती परिशिष्टात गेली. अहवालाच्या मुख्य भागातून जे धोरण निघाले, त्यात आरोपीच्या पिंजऱ्यात सावकार उभा होता आणि सरकार न्यायाधीशाच्या खुर्चीत.

कर्जाचा प्रश्न म्हणजे धनको आणि ऋणको या दोघांतला व्यवहार, आणि सरकार म्हणजे त्यांच्यामध्ये पडणारा तिसरा, निःपक्ष माणूस, ही मांडणी अहवालामुळे पक्की झाली. सरकार त्या व्यवहारातला पक्ष आहे, हप्त्याची तारीख, किमतीचा धोका आणि कोर्टाचे दार सरकारच ठरवते, ही गोष्ट चित्राबाहेर राहिली.

इतर वाचने

त्या काळातच या चित्राला आव्हान देणारी दोन वाचने पुण्यात होती. १८७० मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेने दंग्यांच्या आधीच रयतेच्या स्थितीची चौकशी करून साऱ्याच्या बोज्याकडे लक्ष वेधले होते. सभेच्या कामाला वळण देणारे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा मुद्दा असा की, शेतीला कर्ज लागणारच. प्रश्न आहे तो ते देणाऱ्या संस्थेचा. १८८० च्या दशकाच्या आरंभी विल्यम वेडरबर्न यांच्यासह पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना मांडली गेली. तिला लंडनच्या भारतमंत्र्याची मंजुरी मिळाली नाही. सहकारी पतसंस्थांचा कायदा यायला १९०४ साल उजाडावे लागले.

दुसरे वाचन महात्मा जोतीराव फुले यांचे. १८८३ मधल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात सावकार आहे, पण तो एकटा नाही. तीस वर्षांनी वाढणारा सारा, गायराने गिळणारे जंगलखाते, कोर्टकचेऱ्यांतली लाच आणि कागद लिहिणारी जात या सगळ्यांची साखळी फुले दाखवतात. आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकाला त्यांच्याकडून घेण्यासारखी मोठी गोष्ट म्हणजे कागदाविषयीची जाण. कुळाचे दारिद्र्य पैशाचे आहे, तसेच लेखणीचेही आहे. खत कोण लिहितो, साक्षीदार कोण, नोंद कोण ठेवतो, यावर कर्जाची रक्कम ठरते. म्हणूनच उपाय सांगताना ते तळी, बंधारे आणि शेतकऱ्याच्या मुलांचे शिक्षण एकाच श्वासात मागतात. रानड्यांच्या मांडणीत संस्था आहे, पण तिच्या खुर्चीवर कोण बसणार हा प्रश्न नाही. फुल्यांच्या मांडणीत तो आहे. दोघांना एकत्र वाचले नाही तर दोघेही अर्धे राहतात.

विसाव्या शतकातल्या इतिहासकारांनी हा विषय पुन्हा उकरला. रवींदर कुमार यांनी १९६८ च्या ग्रंथात इंग्रजी सुधारणांनी गावाची जुनी घडी मोडली आणि कुणबी-वाणी संबंध विकोपाला गेले, अशी मांडणी केली. चार वर्षांनी नील चार्ल्सवर्थ यांनी या दंग्यांची दंतकथा झाली आहे, असे म्हणत त्यांच्या व्याप्तीवरच प्रश्नचिन्ह लावले. घटना लहान होत्या, त्यांना मोठेपण धोरणकर्त्यांनी दिले, असा त्यांचा रोख. जैरस बनाजी यांनी १९७७ मध्ये वेगळीच बाजू पुढे आणली. बी, बैल, पोट आणि सारा या सगळ्यासाठी सावकारावर अवलंबून असलेला कुणबी नावाला मालक होता. व्याजाच्या रूपाने त्याच्या श्रमाचे फळ भांडवलाकडेच जात होते. सुमित गुहा यांनी १८१८ ते १९४१ असा लांब पल्ला घेऊन जिरायत शेतीच्या मर्यादांकडे लक्ष वळवले.

यांतले कोणतेही एक वाचन पुरेसे नाही. चार्ल्सवर्थ यांचा इशारा मोलाचा, कारण त्यामुळे सरकारला हे दंगे मोठे का करावेसे वाटले हा प्रश्न सुचतो. पण दंगा लहान होता यावरून कर्ज लहान होते असे सिद्ध होत नाही. बनाजी यांचे विश्लेषण रोख्याच्या पोटात शिरते, मात्र त्यात गावातली जात मागे पडते. ती मागे पडली की दंग्यांतली एक अवघड गोष्ट नजरेआड होते. हल्ले मुख्यतः गुजर आणि मारवाडी यांच्यावर झाले. गावचे ब्राह्मण सावकार बऱ्याच ठिकाणी वाचले. १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावाने सावकारांवर बहिष्कार घातला, त्यांना गावकीच्या सेवाही नाकारल्या, तेव्हाही लक्ष्य बाहेरून आलेलाच होता. सावकारीविरुद्धचा राग 'परक्या'विरुद्ध वळणे सोपे असते, आणि ते वळण स्थानिक धनिकाच्या सोयीचे असते. हे वळण महाराष्ट्राने नंतरही वेगवेगळ्या रूपांत पाहिले आहे.

कायद्याने कर्ज कुठे नेले

१८७९ मध्ये 'दख्खन शेतकरी साहाय्य कायदा' पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. कोर्टाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार मिळाला, कर्जासाठी अटक बंद झाली, हप्ते बांधून देण्याची सोय झाली, खास गहाण नसलेली जमीन विकण्यावर बंधन आले. त्या काळाच्या मानाने हा धीट कायदा होता, आणि त्याने अनेक कुळांना दिलासा दिला यात शंका नाही.

पण ज्या गरजेतून कर्ज निघत होते ती गरज कायद्याने हलवली नाही. हप्ता तसाच होता, पाऊस तसाच होता. सावकाराने गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली. पैसे फेडले तर जमीन परत, हा तोंडी करार. कागदावर विक्री झाली असल्याने कायद्याचे संरक्षण तिथे पोहोचेपर्यंत फार खटपट लागे. दुसरा बदल सावकाश झाला. बाहेरच्या सावकाराने हात आखडला तिथे गावातलाच सधन शेतकरी कर्ज देऊ लागला. त्याला जमीन हवी होती, ती कसणारी माणसेही त्याच्याकडे होती, आणि गावाचा राग त्याच्यावर सहज निघत नव्हता.

हा बदल किती खोल गेला ते १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीने दाखवले. गोरवाला समितीच्या या पाहणीत धनंजयराव गाडगीळही होते. शेतकऱ्यांनी वर्षभरात घेतलेल्या कर्जात व्यावसायिक सावकारांचा वाटा ४४.८ टक्के, शेतकरी-सावकारांचा २४.९ टक्के आणि सहकारी संस्थांचा अवघा ३.१ टक्के होता. कायदा होऊन सत्तर वर्षे झाली, सहकार येऊन पन्नास वर्षे झाली, तरी दर चार रुपयांतला एक रुपया गावातल्या शेतकऱ्यानेच शेतकऱ्याला व्याजाने दिलेला होता. 'शेतकरी' हा एकच शब्द वापरून धोरण आखले की हा माणूस धनकोच्या यादीतही नसतो आणि ऋणकोंच्या यादीत मात्र सवलतीला पात्र असतो.

पाणी कुठे गेले

कर्ज फेडण्याची ताकद शेवटी शेतातून येते, आणि दख्खनच्या शेतात ती पाण्यावर ठरते. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर कालव्यांच्या कामांना वेग आला. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला. त्याच्या पाण्याने बारामती-इंदापूरच्या बाजूला ऊस आला, नगर जिल्ह्यात प्रवरा आणि गोदावरीच्या कालव्यांनी तेच केले. गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९४८ मध्ये या दोन कालव्यांच्या परिणामांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विठ्ठलराव विखे पाटील आणि गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून लोणीचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तो याच बागायत पट्ट्यात. पुढच्या महाराष्ट्राचे राजकारण, शिक्षणसंस्था आणि जिल्हा बँका या पट्ट्यातून वाढल्या.

सुपे आज बारामती तालुक्यात आहे. नीरा कालव्याच्या लाभक्षेत्रापासून दूर, चढावर. तालुक्याचे बागायत नाव देशभर गाजत असताना सुप्याचा भाग 'जिरायत पट्टा' म्हणूनच ओळखला गेला, आणि जनाई-शिरसाईसारख्या उपसा योजनांच्या पाण्याची वाट पाहत राहिला. 'पश्चिम महाराष्ट्र समृद्ध, विदर्भ-मराठवाडा मागास' हे वाक्य आपण सरसकट वापरतो. आर्थिक इतिहास त्याला तालुक्याच्या आत नेऊन फोडतो. समृद्धीची रेषा कालव्याच्या उतारावरून गेली. ती जातीच्या, प्रदेशाच्या किंवा मेहनतीच्या कमीअधिकपणाने आखलेली नाही.

आजचे खाते

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१८-१९ च्या फेरीनुसार देशातली ५०.२ टक्के शेतकरी कुटुंबे कर्जदार होती आणि दर कुटुंबामागे सरासरी थकित कर्ज ७४,१२१ रुपये होते. त्यातले ६९.६ टक्के कर्ज बँका, सहकारी संस्था अशा संस्थात्मक मार्गाने आलेले, तर व्यावसायिक सावकारांचा वाटा २०.५ टक्के. १९५१-५२ चे आकडे वर्षभरात घेतलेल्या कर्जाचे आणि हे थकबाकीचे, त्यामुळे त्यांची काटेकोर तुलना होत नाही. तरी दिशा उघड आहे. कर्ज देणारा बदलला. सावकार खलनायक असता, तर तो मागे हटल्यावर नाटक संपायला हवे होते. ते संपले नाही, कारण हप्त्याची तारीख, किमतीचा धोका आणि पावसाचा धोका अजून एकाच खांद्यावर आहे. सारा आज नाममात्र उरला आहे. त्याच्या जागी बियाणे, खत, औषध आणि बोअर यांचा रोखीचा खर्च आला आहे. १८६५ नंतर वऱ्हाडच्या आणि खानदेशच्या कापसाचा भाव जसा दूरच्या बाजाराने ठरवला, तसाच तो आजही ठरतो.

दुसरे सातत्य कमी दिसते आणि अधिक बोचते. ते खातेदाराचे आहे. साऱ्यासाठी सरकारला गावात एक नाव हवे होते, म्हणून रयतवारीने खातेदार घडवला. १८७९ च्या महसूल कायद्याने आणि १९०३ च्या अधिकार अभिलेखाच्या कायद्याने त्या नावाला कायदेशीर वजन दिले. त्या परंपरेतून आपला सातबारा आला. वसुलीसाठी तयार केलेली ही यादी आज मदतवाटपाची यादी झाली आहे. पीककर्ज सातबाऱ्यावर मिळते, म्हणून कर्जमाफीही सातबाऱ्यावर मिळते. २००८ च्या केंद्रीय कर्जमाफीत दोन हेक्टरांची रेषा होती. पाच एकर बागायत आणि पाच एकर कोरडवाहू यांना एकच माप लागले, आणि विदर्भातला दहा एकरवाला कापूस उत्पादक 'मोठा' ठरला. २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या सावकारी कर्जांना माफी देताना ती परवानाधारक सावकारांपुरती होती. ज्याच्याकडे परवाना नाही त्याचे कर्ज सर्वांत जाचक, आणि तेच यादीबाहेर. २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने आलेल्या योजनेत दोन लाखांपर्यंतचे पीककर्ज माफ झाले. ज्या लेखकाने कागद कोणाच्या हातात आहे हा प्रश्न विचारला, त्याच्या नावाची योजनाही कागदावर नाव असणाऱ्यांचीच होती.

ठोक्याने किंवा बटईने जमीन कसणारा, वनजमीन कसणारा पण पट्टा न मिळालेला आदिवासी, नवऱ्याच्या मागे शेत चालवणारी आणि सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई, ही माणसे १८७६ च्या अहवालात कर्जदार म्हणून जवळजवळ दिसत नाहीत. तिथे मोजला गेला तो खातेदार. आजच्या योजनांतही ती क्वचितच दिसतात. महाराष्ट्रात शेतकरी आत्महत्येनंतर कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत देताना प्रकरणे 'पात्र' आणि 'अपात्र' अशी विभागली जातात. जमीन नावावर असणे आणि मान्यताप्राप्त स्रोताचे कर्ज थकलेले असणे हे त्या निवाड्याचे कणे आहेत. 'अपात्र' हा शब्द एखाद्या मृत्यूला लावण्याचे धाडस करणारी ही भाषा नव्याने जन्मलेली नाही. मरणाचीही आधी खातेवहीत नोंद शोधायची, ही सवय जमाबंदीच्या दप्तरातून आली आहे.

इतिहास किती पुरतो

इथे एक खबरदारी हवी. १८७५ आणि आज यांत सारखेपणा शोधण्याचा मोह मोठा आहे, आणि दिवाळी अंकांतल्या लेखांनाही तो होतो. पण १८७५ च्या कुणब्याला मताधिकार नव्हता, हमीभाव नव्हता, त्याच्या मुलाला शहरात जायचा रस्ता नव्हता. आजचा शेतकरी बऱ्याच घरांत अर्धा शेतकरी आणि अर्धा पगारदार किंवा मजूर आहे. भूतकाळातून थेट तोडगा उचलता येत नाही.

प्रश्न बदलण्याची रीत मात्र उचलता येते. १९१८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी लहान धारणक्षेत्रांवरच्या निबंधात ती दाखवली. जमिनीचे तुकडे फार झाले, ते एकत्र करा, असे तेव्हाचे तज्ज्ञ सांगत होते. आंबेडकरांनी विचारले, लहान कशाच्या मानाने? शेताचा आकार भांडवल आणि श्रम यांच्या प्रमाणात ठरतो. शेतीवर माणसांचा अतिरिक्त भार आहे, तो उद्योगांत सामावला नाही, तर तुकडे जोडून काही होणार नाही. एकाच आकड्याकडे बघत असूनही त्यांनी चर्चा जमिनीच्या नकाशावरून अर्थव्यवस्थेच्या रचनेवर आणली.

कर्जाबाबत तसेच करता येईल. पुढची कर्जमाफी जाहीर होईल तेव्हा किती कोटी आणि किती लाख खाती, यावरच्या बातम्या येतीलच. त्यांच्या जोडीला तीन गोष्टी विचारल्या जाव्यात. भाव पडण्याचा आणि पाऊस चुकण्याचा धोका या योजनेनंतर कोणाच्या अंगावर राहतो? बंद केलेले कर्ज कोणत्या नव्या दाराने परत येईल, आणि ते दार कोणाचे असेल? आणि यादी ज्या दप्तरावरून बनली, त्या दप्तरात कोणाचे नाव कधी चढलेच नाही? सुप्याच्या बाजारात रोखे जळाले. कोर्टाच्या दप्तरातल्या नकला आणि महसुलाची खाती मात्र जागेवर होती. अभ्यासकाचे काम तिथून सुरू होते.